नाव जुळले, वाट सापडली का?

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत गोळ्या वाटण्याचे काम शिक्षकांना आता सवयीचे झाले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. गोळी देताना मुले प्रश्न विचारतात. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी तर एक प्रश्न हमखास येतो : जंत कुत्र्या-डुकरांमुळे होतात का? नाल्याकाठी डुकरे, अंगणात कुत्री आणि शिवारात वानरांची टोळी पाहत वाढलेल्या मुलाने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आपण देतो. पाठ्यपुस्तकातील जीवनचक्राच्या आकृतीत बहुधा माणूस आणि माती एवढेच असतात. बाण माणसाकडून मातीकडे जातो आणि मातीकडून पुन्हा माणसाकडे येतो. प्राण्याला तिथे जागा नसते. दुसरे उत्तर अलीकडे वर्तमानपत्रांतून येते : अमुक प्राण्याच्या व माणसाच्या विष्ठेत ‘एकाच जनुकाचा’ परोपजीवी सापडला, म्हणजे रोग प्राण्यापासून आला. पहिले उत्तर अपुरे आहे आणि दुसरे घाईचे. आनुवंशिक ओळख पटवण्याच्या नव्या पद्धतीने या विषयात मोठी भर घातली आहे, यात शंका नाही. पण ती पद्धत काय सांगते आणि काय सांगत नाही, याची छाननी मात्र फारशी होत नाही. ती येथे करावयाची आहे.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादा

‘जंत’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्यात गोलकृमी येतो, चाबूककृमी येतो आणि अंकुशकृमीही येतो. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो आणि मुलांत पंडुरोग निर्माण करतो. माणसात त्याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत : नेकॅटर अमेरिकॅनस आणि अँकिलोस्टोमा ड्युओडेनाले. कुत्र्यात अँकिलोस्टोमा कॅनिनम आढळतो. तालुक्याच्या दवाखान्यात विष्ठा तपासणारा तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहतो ते असते अंडे, आणि या साऱ्या जातींची अंडी दिसायला जवळजवळ सारखी असतात. म्हणून अहवालात ‘अंकुशकृमीची अंडी आढळली’ एवढेच लिहिले जाते. कोणता अंकुशकृमी, हा प्रश्न तिथेच थांबतो.

या मर्यादेचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे अँकिलोस्टोमा सेलॅनिकम या जातीच्या इतिहासावरून दिसते. आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाने १९११ साली या जातीचे वर्णन केले, ते सिलोनमधील उदमांजरात सापडलेल्या कृमीवरून. अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात हे इजिप्तमध्ये काम करताना ज्यांच्या लक्षात आले, ते हेच लूस. प्रयोगासाठी वाढवलेल्या अळ्यांचे पाणी त्यांच्या स्वतःच्या हातावर सांडले होते! १९१३ साली क्लेटन लेन यांनी हाच कृमी बंगालमधील माणसांतही असल्याचे कळवले. म्हणजे वन्य प्राण्यातील कृमी माणसात सापडल्याची ही भारतातील नोंद शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे.

पण पुढे काय झाले? ब्राझीलमध्ये वर्णन झालेला अँकिलोस्टोमा ब्राझिलिएन्स आणि हा कृमी एकच आहेत असे ठरले आणि सेलॅनिकम हे नाव मागे पडले. १९५१ साली बिओक्का यांनी नराच्या शेपटाकडील पडद्याच्या रचनेतील सूक्ष्म फरक दाखवून दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या केल्या. १९७२ साली चौधरी आणि शाड यांनी कलकत्ता व आसपासच्या माणसांत सेलॅनिकम असल्याचे सांगितले. दोन जातींना एकच नाव दिले गेल्यामुळे जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोंदी संदिग्ध झाल्या, कारण ब्राझिलिएन्स माणसाच्या आतड्यात वाढून अंडी घालत नाही आणि सेलॅनिकम घालतो. प्राण्यांच्या अंकुशकृमींपैकी माणसात पूर्ण वाढ होणारा म्हणून आज हाच ओळखला जातो.

नवी पद्धत काय करते?

प्रौढ कृमी हाती लागला तर शरीररचना पाहून जात ओळखता येते. परंतु त्यासाठी रोग्याला औषध देऊन कृमी बाहेर काढावे लागतात. वानराच्या किंवा बिबट्याच्या बाबतीत तर ते शक्यच नसते. डी.एन.ए.ची तपासणी इथे उपयोगी पडते. विष्ठेतील अंड्यांचा डी.एन.ए. वेगळा काढतात, त्यातील ठरावीक तुकड्याच्या पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने असंख्य प्रती तयार करतात आणि त्या तुकड्यातील अक्षरांचा क्रम वाचतात. रायबोसोमशी संबंधित जनुकांच्या मधला भाग जात ओळखण्यास सोयीचा असतो, कारण एका जातीत तो जवळजवळ सारखा राहतो आणि जाती-जातींत बदलतो. एकाच जातीतील घराणी वेगळी करायची असतील तर तंतुकणिकेतील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील, अधिक वेगाने बदलणारे जनुक निवडतात.

येथे एक साधे उदाहरण घेऊ. पुण्यात कुणी ‘चाकूरकर’ आडनावाचा भेटला तर त्याच्या घराण्याचा चाकूरशी संबंध आहे, असा अंदाज आपण बांधतो. तो स्वतः चाकूरहून काल आला, की त्याचे पणजोबा आले, की तो कधी चाकूरला गेलाच नाही, हे आडनावावरून कळत नाही. जातीचे नाव हे असे आडनाव आहे. ‘माणसात व कुत्र्यात एकच जात’ या वाक्याचा अर्थ दोघांचे आडनाव एक, इतकाच. कृमी कोणाकडून कोणाकडे गेला, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

तीन गावांची साक्ष

हा फरक केवळ तर्काचा नाही. तीन ठिकाणचे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला कंबोडियातील डाँग या खेड्याचा. तेथील माणसे व कुत्री यांची २०१२ साली तपासणी झाली आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अंकुशकृमी झालेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांत सेलॅनिकम निघाला आणि गावातील बहुतेक कुत्र्यांतही तोच होता. ‘माणसाचे अंकुशकृमी दोनच’ ही समजूत या एका खेड्याने मोडीत काढली. पण याच अभ्यासाची पुढची ओळ अधिक महत्त्वाची आहे. तंतुकणिकेतील जनुकावरून सेलॅनिकमचे दोन गट पडले : एकात केवळ माणसांतील नमुने, तर दुसऱ्यात माणसे व प्राणी यांचे मिश्र नमुने. म्हणजे एकाच नावाखाली एक घराणे कदाचित माणसां-माणसांतच फिरत असावे आणि दुसरे कुत्र्यांशी वाटून घेतलेले असावे. उल्लेख करताना पहिले वाक्य सर्वजण घेतात आणि दुसरे बहुतेकदा गाळतात.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, तमिळनाडूच्या जवाधू डोंगरातील आदिवासी वस्त्यांचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. येथे माणसे, कुत्री आणि माती या तिन्हींचे नमुने घेतले गेले, ही त्याची जमेची बाजू. माणसांत प्रामुख्याने नेकॅटर निघाला. कुत्र्यांत कॅनिनम आणि सेलॅनिकम दोन्ही होते. माणसांत मात्र सेलॅनिकम आढळला नाही. डाँगमध्ये जो कृमी निम्म्या रुग्णांत होता, तो येथे कुत्र्यांत असूनही माणसांत नव्हता. केवळ कुत्री तपासून ‘माणसांना धोका’ असे लिहिले असते, तर या वस्त्यांपुरते ते चुकीचे ठरले असते.

याच अभ्यासात काही माणसांच्या विष्ठेत कुत्र्याच्या कॅनिनमचा डी.एन.ए. मिळाला. हा निष्कर्ष वाचताना सावध राहावे लागते. कॅनिनम माणसाच्या आतड्यात शिरू शकतो आणि तेथे दाह निर्माण करतो, हे १९९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील रुग्णांवरून दाखवले गेले आहे. पण तो तिथे अंडी घालण्याइतका वाढल्याचे सहसा दिसत नाही. मग विष्ठेतील डी.एन.ए. कुठून आला? अपुऱ्या वाढलेल्या कृमीचा असेल, किंवा मातकट हातांबरोबर गिळले जाऊन तसेच बाहेर पडलेल्या अंड्याचा असेल. दोन्ही गोष्टी मुलांचा कुत्र्याच्या विष्ठेने दूषित मातीशी संबंध येतो हे नक्की सांगतात. रोग झाला आहे हे मात्र त्यांतली एकच सांगते.

तिसरी साक्ष ग्वाटेमालाची, आणि ती डुकरांविषयी आहे. माणसातील गोलकृमी अॅस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस आणि डुकरातील अॅस्कॅरिस सुअम इतके सारखे आहेत की त्या दोन जाती की एकच, यावर आजही वाद आहे. टिमथी अँडरसन व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ग्वाटेमालातील अशा खेड्यांत कृमी गोळा केले, जिथे माणसे आणि डुकरे एकाच आवारात राहतात. आपला अंदाज असा की दोघांचे कृमी सरमिसळ झालेले असणार. प्रत्यक्षात माणसांचे कृमी आणि डुकरांचे कृमी बहुतांशी वेगवेगळ्या घराण्यांचे निघाले. उलट उत्तर अमेरिकेत, जिथे माणसांत हा कृमी विरळाच, तिथे सापडलेल्या तुरळक रुग्णांतील कृमी डुकरांच्या घराण्याशी जुळले. पुढे २००७ साली अधिक जनुके तपासल्यावर काही संकरित कृमीही सापडले, म्हणजे भिंत पूर्ण बंद नव्हती. एका जनुकावर काढलेला निष्कर्ष अनेक जनुकांनी बदलू शकतो, हा यातला आणखी एक धडा.

‘नाल्याकाठची डुकरे आहेत म्हणून गावात जंत आहेत’ हे चाकुरातच नव्हे, कुठेही सहज बोलले जाणारे वाक्य या साक्षीपुढे टिकत नाही. ते खोटेच आहे असे नव्हे. पण ते तपासल्याशिवाय बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत

जंगलाकडे वळले की पुरावा आणखी निसरडा होतो. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबटे शेतांत, उसात राहतात. त्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातून (२०१४) असे दिसले की त्यांच्या आहाराचा वजनाने सुमारे ३९ टक्के भाग पाळीव-भटक्या कुत्र्यांचा होता. अशा बिबट्याच्या विष्ठेत कुत्र्याच्या अंकुशकृमीचा डी.एन.ए. सापडला, तर तो बिबट्याचा परोपजीवी की त्याने खाल्लेल्या कुत्र्याचा? यंत्र दोन्हींत फरक करत नाही. तो अभ्यासकाने करायचा असतो. एकाच प्राण्याचे नमुने काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासणे, अंड्यांची संख्या मोजणे, विष्ठा जमिनीवर पडून किती वेळ झाला हे नोंदवणे असे साधे उपाय त्यासाठी आहेत. पण त्यांना वेळ लागतो, आणि शोधनिबंधात नेमके तेच पहिल्यांदा गाळले जातात.

दिशेचा प्रश्नही तसाच. ‘प्राणिजन्य’ या शब्दातच प्राण्याकडून माणसाकडे असा बाण गृहीत धरलेला आहे. युगांडातील बविंडी अरण्यात माणसाळवलेल्या गोरिलांत जिआर्डिया या एकपेशीय परोपजीवीचा ‘अ’ गट सापडला, आणि तोच त्या परिसरातील माणसांत व गुरांत होता. २००२च्या या अभ्यासाची चिंता उलट होती : पर्यटक, वनरक्षक आणि शेजारचे गावकरी यांच्याकडून रोग गोरिलांना तर लागत नाही ना? आपल्या शिवारातील वानराला मंदिराच्या पायरीवर केळे देणारा हात स्वच्छ होता की नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

एका बाबतीत चांगल्या पुराव्याचा नमुनाही दाखवता येतो. रिबेका ट्रॉब व सहकाऱ्यांनी आसामच्या चहामळ्यांतील वस्त्यांत जिआर्डियाचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांतील व कुत्र्यांतील परोपजीवींचे अनेक जनुकांवरून गट पाडले. शिवाय कोणत्या घरातील माणसाला व कोणत्या घरातील कुत्र्याला लागण आहे, हेही जुळवून पाहिले. जनुके एक सांगतात आणि घरांचा हिशोब त्याला दुजोरा देतो, तेव्हा निष्कर्षाला वजन येते. तरीही कुत्र्याकडून माणसाकडे की माणसाकडून कुत्र्याकडे, हे तेवढ्यानेही ठरत नाही.

महाराष्ट्रातील काम

आपल्या राज्यात या दिशेने चांगले काम झाले आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००९ साली मांसासाठी कापलेल्या जनावरांतील एकायनोकॉकसच्या गाठींचे आनुवंशिक प्रकार ओळखले. हा पट्टकृमी प्रौढावस्थेत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. गुरे, म्हशी, मेंढ्या आणि माणूस यांच्या यकृतात व फुप्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. म्हशींचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार सर्वांत जास्त आढळला आणि तो माणसालाही होऊ शकणाऱ्या प्रकारांपैकी आहे. त्याच महाविद्यालयाच्या सहभागाने २०१४ साली मुंबईसह देशातील चार ठिकाणच्या भटक्या व आश्रयगृहातील कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत अंकुशकृमी मोठ्या प्रमाणावर होते आणि सेलॅनिकमही होता. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१५ साली निरोगी माणसांतील ब्लास्टोसिस्टिस या एकपेशीय जीवाचे उपप्रकार ओळखले.

या तिन्ही अभ्यासांचे मोल कमी न करता एक आक्षेप नोंदवला पाहिजे. पहिल्यात केवळ जनावरे आहेत, दुसऱ्यात केवळ कुत्री, तिसऱ्यात केवळ माणसे. एकाच आवारातील मूल, त्याचे कुत्रे, गोठ्यातील म्हैस आणि अंगणातील माती एकत्र तपासली गेलेली नाही. माणसांचा विभाग वैद्यकीय महाविद्यालयाकडे, जनावरांचा पशुवैद्यकीयकडे आणि वानर-कोल्ह्यांचा वनखात्याकडे, अशी आपल्याकडे वाटणी आहे. कृमीला ती ठाऊक नाही.

चाकूर तालुक्याला या दृष्टीने एक सोय आहे. एका बाजूला लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दुसऱ्या बाजूला उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोघांनी मिळून चार गावांतील काही घरे निवडली आणि पावसाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा तपासणी केली, तर ‘कुठून’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळू लागेल. हे येथेच करावे लागेल, कारण जवाधूचे किंवा डाँगचे उत्तर इथे लावता येत नाही. अंकुशकृमीच्या अळीला ओलावा, सावली आणि भुसभुशीत माती लागते. चैत्र-वैशाखात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ती तग धरणे कठीण, पण पाण्याखालच्या उसाच्या फडात किंवा न्हाणीच्या मागील ओल्या जागेत परिस्थिती वेगळी असते.

चुकीच्या उत्तराची किंमत

नावाचा आणि वाटेचा हा फरक म्हणजे विद्वानांचा शब्दच्छल, असे कोणी म्हणेल. तसे नाही. कृमी माणसां-माणसांतच फिरत असेल, तर शौचालये, चपला आणि मुलांना दिलेली गोळी यांवर भर देणे योग्यच आहे. पण त्यातला काही भाग कुत्र्यांकडून येत असेल, तर प्रत्येक घरी शौचालय होऊनही तो थांबणार नाही, कारण कुत्रा शौचालय वापरत नाही. सहा महिन्यांनी गोळी घेतलेले मूल त्याच अंगणात पुन्हा अनवाणी खेळेल आणि पुन्हा लागण घेईल. तेव्हा कार्यक्रम फसला असे म्हणून दोष पालकांच्या ‘अस्वच्छ सवयीं’ना दिला जाईल. उलट पुरावा नसताना प्राण्यांवर बोट ठेवले, तर कुत्री मारण्याची मागणी होते आणि डुकरे पाळून पोट भरणारी कुटुंबे गावाच्या रोषाला पात्र ठरतात. दोन्हीकडे मुलाच्या पोटातील कृमी तसाच राहतो.

दरम्यान काय करावे हे स्पष्ट आहे. गोळी द्यावीच, कारण अल्बेंडाझोल अंकुशकृमीच्या माणसातील जातींवर चालते, मग ती कुठूनही आलेली असो. हात धुणे व पायात चपला हेही दोन्ही वाटांवर उपयोगी. पाळीव कुत्र्याला पशुवैद्याकडून जंताचे औषध देण्याचा सल्ला पालकसभेत द्यावा. त्याला खर्च थोडा येतो आणि त्याने कुणाचा अपमान होत नाही.

वर्गात करण्याजोगी एक गोष्ट आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर माणूस, कुत्रा, डुक्कर, वानर आणि माती अशी पाच वर्तुळे काढायला सांगा. त्यांना वाटतील तितके बाण त्यांनी काढावेत, पण प्रत्येक बाणाशेजारी ‘हे कशावरून?’ याचे उत्तर लिहावे : नुसता शेजार, सारखे अंडे, एकच जात, एकच घराणे, की घरोघरचा जुळणारा हिशोब? ज्या बाणाशेजारी केवळ ‘एकच जात’ असेल, तो तुटक रेषेने काढावा. तास संपताना फळ्यावर तुटक बाणच अधिक दिसतील, आणि आज या विषयाची स्थिती तशीच आहे. ते ठळक करायचे असतील तर आणखी कोणते नमुने घ्यावे लागतील, हा दुसऱ्या तासाचा प्रश्न ठेवावा.